शंट मॉड म्हणजे कार्डाचा काटा मारणं : ग्राफिक्स कार्डातून जादा वॅट काढताना काय जळतं आणि का

सिडको_३०८०
नमस्कार मंडळी. आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, वीज घ्यायला दोन ८-पिन कनेक्टर. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट शेवटपर्यंत ओढली तरी ३४० वॅटला अडकतं. आर००५ (०.००५ ओहम) छापलेल्या शंटवर, म्हणजे वीज मोजण्यासाठीच्या छोट्या रेझिस्टरवर, दुसरा आर००५ चढवला की लिमिट दुप्पट होते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पॉवर सप्लाय ८५० वॅटचा, कूलर कार्डाबरोबर आलेलाच. सोल्डरिंग येतं. कोणत्या किमतीचे रेझिस्टर घ्यावेत, नाशकात मिळतील का, आणि खरा धोका नेमका कुठे आहे? नुसतं "करू नका" नको, कारण सांगा.

अंबड_बेंच
आधी एक समज काढून टाका. शंट मॉडने कार्डाची ताकद वाढत नाही, त्याचा काटा मारला जातो.

८-पिन कनेक्टरमधून येणारा १२ व्होल्ट पुढे फेजकडे (चिपच्या गाभ्यासाठी व्होल्टेज उतरवणारे भाग) जाण्याआधी शंटमधून जातो. शंट ५ मिलिओहमचा. १५० वॅट म्हणजे १२.५ अँपिअर वाहत असतील तर त्याच्या दोन टोकांत ६२.५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. शेजारची मॉनिटरिंग चिप हे मिलिव्होल्ट मोजते आणि त्यावरून वॅट काढते. कार्डाला वीज "दिसते" ती एवढीच. वर दुसरा ५ मिलिओहम बसवला की दोन्ही मिळून २.५ होतात, मिलिव्होल्ट निम्मे होतात, आणि कार्डाला वाटतं आपण निम्मीच वीज खातोय.

हिशोब असा. मूळ शंट ५ आणि लिमिट ३४० धरा. वर १५ मिलिओहम चढवला तर खरी लिमिट सुमारे ४५३ वॅट, १० चढवला तर ५१०, ८ ला ५५२, आणि ५ ला ६८०. म्हणजे सगळीकडे सांगतात तो आर००५ हा सगळ्यात बेफाम पर्याय आहे. करायचंच असेल तर आर०१५, फार तर आर०१०.

लासलगावला कांद्याचा ट्रक वजनकाट्यावर चढला आणि काट्याने निम्मं वजन दाखवलं, म्हणून ट्रकच्या पाट्यांवरचा भार कमी होत नाही. मॉडनंतर तार, पिना, फेज या सगळ्यांवर खरं वजन येतं. फक्त ते ओळखून ब्रेक लावणारी यंत्रणा तुम्ही आंधळी केलेली असते.

तांब्याचीतार
+१. आता पिनांचं सांगतो, कारण पहिली आग बहुतेक तिथेच लागते.

८-पिन पीसीआय-ई कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात. बाकी ग्राउंड आणि सेन्स (केबल लागली हे ओळखणाऱ्या). १५० वॅटला दर पिनेतून ४.१७ अँपिअर जातात. साधी मिनी-फिट पिन ९ अँपिअरपर्यंत चालते, त्यामुळे मूळ रचनेत भरपूर वाव ठेवलेला आहे.

मॉड करून ३०८० ने ४३० वॅट ओढले असं धरू. मदरबोर्डच्या स्लॉटमधून येणारे ६० वजा केले की दोन कनेक्टरवर ३७० उरतात. दोन स्वतंत्र केबल असतील तर प्रत्येकीवर १८५ वॅट, दर पिनेला ५.१ अँपिअर. निभावतं. पण एकाच केबलला पुढे दोन शेंडे फुटलेले असतील, आणि पुष्कळ लोक तेच लावतात, तर सप्लायच्या टोकाला ३७० वॅट म्हणजे ३०.८ अँपिअर तीन पिनांतून जातात. दर पिनेला १०.३. मर्यादा तिथेच ओलांडली.

उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. ४.१७ वरून १०.३ म्हणजे करंट अडीच पट आणि उष्णता सहा पट. पिनेचा संपर्क रोध १० मिलिओहम धरला तर आधी ०.१७ वॅट होते, आता १ वॅटच्या वर. तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनेत, प्लॅस्टिकच्या बंद घरात, हवा नाही अशा जागी. पिन तापली की तिची स्प्रिंग सैल होते, सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

कनेक्टर काढून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. चांगल्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक एकसारखं काळं आणि कोपरे धारदार असतात. तापलेल्या पिनेभोवती आधी चकाकी जाते, मग एक तपकिरी कडं येतं, आणि चौकोनी भोक किंचित गोलसर होतं. पिन स्वतः चांदीसारखी न राहता निळसर-जांभळी दिसते. एवढं दिसलं तर ती केबल फेकून द्या. आणि केबल घालून-काढून बघत बसू नका. या कनेक्टरांची उमर साधारण ३० वेळा घालण्या-काढण्याची धरलेली असते.

सिडको_३०८०
सध्या दोन शेंड्यांची एकच केबल आहे. स्लॉटच्या शंटचं काय? तोही करावा लागतो असं वाचलं.

तांब्याचीतार
त्याला हात लावू नका. स्लॉटला १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट एवढीच परवानगी आहे. स्लॉटच्या त्या बारीक सुयांमागे मदरबोर्डचे तांब्याचे मार्ग आहेत, आणि त्यांच्यामागे २४-पिन कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या फक्त दोन तारा. त्याच दोन तारांवर पंखेही चालतात. २०१६ मध्ये एएमडीचं आरएक्स ४८० स्लॉटमधून जरा जास्त ओढतं एवढ्यावरून गदारोळ झाला होता आणि एएमडीला ड्रायव्हर काढून ते आवरावं लागलं होतं. तुम्ही तर मर्यादा दुप्पट करायला निघालात. अडचण अशी की ३००० मालिकेत एक शंट सोडला तर पुष्कळदा कार्ड त्याच्याच लिमिटवर अडकतं. म्हणून लोक सगळे करतात, आणि मग मदरबोर्डचा २४-पिन तपकिरी होतो.

वाघाडी
सोल्डर न करता लिक्विड मेटल लावलं तर? पुसून काढता येतं, वॉरंटीलाही धक्का नाही.

अंबड_बेंच
सगळ्यात वाईट पर्याय तोच. लिक्विड मेटलमध्ये गॅलियम असतं आणि ते कथलात मुरतं. शंटचे टाके कथलाचेच असतात. काही आठवड्यांत टाका भुसभुशीत होतो आणि शंट पॅडवरून (बोर्डावरची टाक्याची तांब्याची जागा) सुटतो. चालू लोडमध्ये सुटला तर उरलेल्या कनेक्टरवर सगळा भार एका क्षणात येतो. शिवाय थेंब किती पसरला त्यावर रोध अवलंबून, तो रोज बदलतो, म्हणजे लिमिट किती झाली हेच कुणाला सांगता येत नाही. टॉवरमध्ये पातळ धातू तापून ओघळला तर खाली शेकडो कपॅसिटर आहेत. "पुसून काढता येतं" हेही खरं नाही. पॅडवर राखाडी डाग राहतो आणि त्यावर नवा टाका नीट धरत नाही.

वीज वाहणाऱ्या चांदीच्या रंगाचंही (सिल्व्हर पेंट) तसंच. वाळताना आणि तापताना त्याचा रोध सरकतो. फार खाली गेला तर पास्कल पिढीची कार्डं (१००० मालिका) सुरक्षा म्हणून अगदी तळाच्या क्लॉकवर (चिपच्या वेगावर) अडकून बसतात.

आता सोल्डरचं सविस्तर लिहितो, कारण हात चालत असला तरी इथे तीन ठिकाणी चूक होते.

पहिली, उष्णता कमी पडणं. शंटच्या दोन्ही बाजूंना जाड तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता पिऊन टाकतात. २५ वॅटच्या साध्या आयर्नने वरचं सोल्डर वितळल्यासारखं दिसतं पण खाली धरत नाही. तापमान राखणारं ६० ते ८० वॅटचं स्टेशन, रुंद छिन्नी टोक, आणि बोर्ड खालून १०० अंशांच्या आसपास आधी तापवलेला हवा. ६३/३७ चं सोल्डर घ्या, १८३ अंशांना वितळतं. कारखान्यातलं बिनशिशाचं २१७ च्या पुढे वितळतं. बिस्मथवालं १३८ अंशांचं सोल्डर इथे चालणार नाही, ते ठिसूळ असतं आणि गरम जागी टिकत नाही.

दुसरी, शंटची ठेवण. २५१२ आकाराचा शंट ६.४ बाय ३.२ मिलिमीटर. काहींची धातूची टोकं वरपर्यंत वळलेली असतात, त्यांच्यावर दुसरा सरळ बसतो. काहींना वरून आवरण असतं आणि धातू फक्त बाजूला दिसतो. तिथे सोल्डर बाजूने चढवून वरच्या शंटपर्यंत न्यावं लागतं. ते पातळ राहिलं तर रोध वाढतो. वरचा शंट साधारण ०.६ मिलिमीटर उंची वाढवतो, हे फार जण विसरतात. तिथून कूलरची पट्टी किंवा धातूची बॅकप्लेट जात असेल तर कार्ड बंद करून स्क्रू आवळताना थेट शॉर्ट. आधी अंतर मोजा, वर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी) लावा.

तिसरी, मोजमाप. साध्या मल्टिमीटरवर ५ मिलिओहम मोजता येत नाहीत. प्रोबच्या ताराच ०.२ ते ०.५ ओहमच्या असतात. कार्ड कॉम्प्युटरमधून काढून टेबलावर घ्या. बेंच सप्लायवर व्होल्टेज अगदी कमी ठेवून करंट बरोबर १ अँपिअरला बांधा आणि तो शंटच्या दोन टोकांतून सोडा. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून प्रोब शंटच्या धातूवर टेकवा, सप्लायच्या क्लिपवर नाही. मूळ शंट ५.० दाखवेल, आर०१० चढवल्यावर ३.३, आर००५ चढवल्यावर २.५. आर००५ चढवूनही ३.४ आलं तर वरच्या वाटेत तुमच्या टाक्यांचाच साडेपाच मिलिओहम रोध शिरलाय. आणि दोन्ही ८-पिनांचे आकडे ०.१ च्या आत जुळले पाहिजेत. एक २.५ आणि दुसरा ३.४ असेल तर एकाच कनेक्टरवर जास्त भार असल्याचं कार्डाला वाटतं आणि लिमिट भलतीकडेच लागते.

रेझिस्टर १ टक्क्याचा, किमान २ वॅटचा. एमजी रोडवर मोबाइलचे सुटे भाग मिळतात, पण या किमतीचा शंट हमखास मिळेल असं धरून जाऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवा, आणि आलेला प्रत्येक नग वरच्या पद्धतीने मोजूनच वापरा. आर००५ छापून भलताच निघणारे नग असतात.

निफाडची_थंडी
तापमानाचा मुद्दा राहिला. कार्डाचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक कार्डाने वाढवलेलं. ३२० वॅटला कूलर ४५ अंशांची भर घालत असेल तर डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांच्या खोलीत कार्ड ५७ ला राहतं. तेच मे महिन्यात गच्चीखालच्या ३८ अंशांच्या खोलीत ८३. आता ४३० वॅटचं धरा, भर ६० च्या घरात जाते. मेमध्ये हिशोब ९८ चा येतो, म्हणजे कार्ड त्याआधीच क्लॉक पाडेल. हिवाळ्यात आमच्याकडे येणारे बेंचमार्क बघून वर्षभराचं गणित बांधू नका.

गाभ्यापेक्षा मेमरीची काळजी जास्त करा. जीडीडीआर६एक्स (या कार्डावरची मेमरी) ११० अंशांना स्वतःला रोखते. एचडब्ल्यू-इन्फो या सॉफ्टवेअरमध्ये "मेमरी जंक्शन" बघा. मॉडनंतर तिथे १०६-१०८ दिसत असेल तर कोणतीही जादा लिमिट निरर्थक आहे. मेमरीवरचे थर्मल पॅड बदलताना मूळ जाडी कॅलिपरने मोजा. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड घातला तर मेमरी गार पडते, पण कूलर गाभ्यावर टेकत नाही.

गंगापूररोड_एलईडी
फ्यूजचं कुणी लिहिलं नाही. काही कार्डांवर प्रत्येक ८-पिनमागे एसएमडी फ्यूज असतो, १० किंवा २० अँपिअरचा, पांढरा किंवा हिरवट ठोकळा. मॉडनंतर १० वाला उडण्याची शक्यता मोठी. उडाल्यावर त्यावर तारेचा तुकडा टाकून "दुरुस्ती" करणारे आहेत. कृपया हे कधीही करू नका. फेजमधला वरचा मॉस्फेट (विजेचा स्विच) शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट गाभ्यावर येतो, आणि गाभा चालतो १ व्होल्टच्या आसपास. कार्ड तर गेलंच, पण फ्यूज असेल तर गोष्ट तिथेच थांबते. तार टाकलेली असेल तर सप्लाय तुटेपर्यंत बोर्ड जळत राहतो. घरात कुणी झोपलेलं असताना हे होऊ शकतं.

वाघाडी
पंचवटीतल्या जुन्या वाड्यांसाठी भर. अर्थिंग नसलेल्या भिंतीतल्या बोर्डवर सप्लायच्या आतल्या फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. हाताला मुंग्या येतात ते त्यामुळे. अशा बोर्डवर सोल्डरिंग आयर्न लावून कार्डाला टेकवलं तर ती गळती चिपमधून जाते. मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा, २-३ व्होल्टच्या आत हवं. आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच असतो. मॉडच्या कार्डावर लाइट गेली की तो एक सेकंदही धरणार नाही.

सिडको_३०८०
समजा आर०१५ लावला, दोन वेगळ्या केबल टाकल्या. पदरात किती पडतं?

अंबड_बेंच
तीन-चार टक्के फ्रेम. कधी तेवढेही नाहीत. वीज क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. शेवटचे ६०-७० मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग असतात. आणि शंट मॉडने व्होल्टेजची कमाल बदलत नाही. ३००० मालिकेत ती १.१ व्होल्टच्या आसपास बांधलेली आहे, तिथे पोचलात की संपलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

त्यापुढे जाणारे व्होल्ट मॉड करतात. कंट्रोलरच्या फीडबॅक पायापासून ग्राउंडला बहुफेरी प्रीसेट (फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) जोडतात. कंट्रोलरला व्होल्टेज कमी दिसतं, तो ते वाढवतो. प्रीसेट कमाल रोधावर ठेवूनच कार्ड चालू करायचं असतं. चुकून शून्यावर राहिला तर पहिल्याच सेकंदाला गाभा जातो. त्याच्या रांगेत एक पक्का रेझिस्टर टाकला तर हा अपघात टळतो, पण हे काम नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांचं आहे, रोज गेम खेळायच्या कार्डाचं नाही.

तांब्याचीतार
४०९० आणि ५०९० वाल्यांनीही वाचून ठेवावं. १६-पिन कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या पिना सहा. ६०० वॅटला दर पिनेतून ८.३३ अँपिअर, आणि पिनेची मर्यादा ९.५. ८-पिनमध्ये दुपटीचा वाव होता, इथे जेमतेम १४ टक्के. ३०९० टीआयमध्ये पिनांच्या जोड्या वेगळ्या मोजल्या जायच्या, ४०९० पासून बहुतेक कार्डांवर सगळ्या पिना एकत्र होतात. दोन पिना सैल असल्या तर उरलेल्या चारांतून १२.५ अँपिअर जातात आणि अशा कार्डाला पत्ताही लागत नाही. ५०९० तर मुळातच ५७५ वॅटचं. त्यावर शंट मॉड करणाऱ्याला मी कुठलाही "सुरक्षित" आकडा सांगणार नाही, कारण तसा आकडाच उरलेला नाही.

निफाडची_थंडी
सिडकोकर, उलटा रस्ता धरून बघा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह (कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक, हा आलेख) उघडा. ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर आणा, उजवीकडचे सगळे बिंदू शिफ्ट धरून निवडा आणि त्याच्या खाली ओढून सपाट करा, लागू करा. तासभर जड गेम चालवा. टिकलं तर १५-१५ मेगाहर्ट्झने वर न्या, अडकलं तर १५ ने खाली. ३२० चं कार्ड साधारण अडीचशेच्या आसपास येतं आणि लिमिटला न आपटल्यामुळे क्लॉक स्थिर राहतं. मेमध्ये हा फरक शंटपेक्षा जास्त जाणवेल.

सिडको_३०८०
ठरलं. शंट नाही. दुसरी स्वतंत्र ८-पिन केबल लावतो, त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलच्या सप्लायची, आणि कर्व्हने सुरुवात करतो.

तांब्याचीतार
"त्याच मॉडेलची" हे चांगलं लिहिलंत. सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते. कनेक्टर बसतो, पण १२ व्होल्टच्या जागी ग्राउंड येतो.

मखमलाबाद_पीसी
धाग्याला धरूनच प्रश्न. सेकंडहँड कार्डावर शंट चढवलेत का, हे न उघडता कसं कळेल?

अंबड_बेंच
भिंतीच्या सॉकेटला लावायचं वॅटमीटर घ्या. कार्ड रिकामं असताना वॅट लिहून ठेवा, मग फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) पाच मिनिटं चालवून पुन्हा लिहा. वाढलेल्या वॅटना ०.९ ने गुणा. ही संख्या आणि जीपीयू-झीमधली (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) वाढ १०-१५ टक्क्यांत जुळली पाहिजे. जीपीयू-झी १७० ची वाढ दाखवत असेल आणि मीटरवरून ३४० निघत असतील, तर काटा मारलेला आहे. क्लॅम्प मीटरने खात्री करायची तर डीसी करंट मोजणाराच हवा. इलेक्ट्रिशियनकडचा बहुतेक फक्त एसीचा असतो, तो इथे शून्य दाखवेल. चिमट्यात एका केबलच्या १२ व्होल्टच्या तीनच तारा घ्या. ग्राउंडच्या ताराही आल्या तर बेरीज पुन्हा शून्य.

विकणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, मॉड केलेलं असेल तर सांगा. घेणारा पोरगा सॉफ्टवेअरमध्ये १७० वॅट बघेल आणि ५५० चा सप्लाय लावून निर्धास्त बसेल.

काढायचं असेल तर एका आयर्नने जमत नाही. एक टोक वितळेपर्यंत दुसरं घट्ट होतं आणि ओढाओढीत खालचं पॅड उखडतं. बोर्ड खालून तापवा, दोन्ही टोकांना भरपूर फ्लक्स आणि ताजं ६३/३७ लावा, दोन आयर्न एकाच वेळी टेकवा आणि वरचा शंट सरळ वर उचला. मूळ शंट पॅडवर तरंगत असेल, त्याला ढकलू नका, थंड होऊ द्या. मग सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने जादा सोल्डर काढा, आयसोप्रोपिलने पुसा आणि पुन्हा १ अँपिअर सोडून मोजा. ५.० आलं पाहिजे. ४.७ आलं तर बाजूला सोल्डरची पट्टी उरलीय, ती भिंगाखाली शोधून काढा.